वेल्सच्या किनाऱ्यावर आजी-आजोबा आणि पोरं एकत्र न्यायची असतील तर: लँडुडनो कसं आहे

दर उन्हाळ्यात इकडच्या मराठी ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो. इंडियाहून आई-बाबा आलेत, पोरांना शाळेची सुट्टी आहे, वेल्सला समुद्रावर कुठे जावं. उत्तरंही ठरलेली. टेन्बीला जा, फोटो भारी येतात. पोर्टमेरियनला जा. एकाने तर स्नोडन चढून या म्हणून सांगितलं होतं, वडलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं त्या बिचारीने प्रश्नातच लिहिलेलं असताना. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकते. आम्ही उत्तर इंग्लंडात राहतो, वेल्सचा किनारा वरपासून खालपर्यंत बऱ्यापैकी फिरून झालाय, आणि तीन पिढ्या एका गाडीत असतील तर माझं मत सरळ आहे, उत्तर वेल्समधलं लँडुडनो. वाळू धड नसूनसुद्धा लँडुडनो.

कारण असं की समुद्रावर गेलं की एरवी काय होतं, पोरं पाण्यात, नवरा पोरांच्या मागे, मी टॉवेल आणि सनक्रीम घेऊन त्या दोघांच्या मधे, आणि आजी-आजोबा कुठल्या तरी कठड्यावर पिशव्या राखत बसलेले, वाऱ्याने कुडकुडत, वर "आमचं काही नाही हो, तुम्ही मजा करा" म्हणत. लँडुडनोला ते पिशव्या राखत बसत नाहीत. हे गाव १८५०च्या आसपास मोस्टिन घराण्याने मुद्दाम सुट्टीवाल्यांसाठी आखून वसवलं, खाडीमागच्या पाणथळ जमिनीवर, त्यामुळे गाव एकदम सपाट आहे. दोन टोकांना दोन डोंगर, मोठा तो ग्रेट ऑर्म आणि धाकटा तो लिटल ऑर्म, आणि त्या दोघांच्या मधे अर्धगोल किनारा, त्याला लागून रुंद प्रोमेनेड, पायऱ्या नाहीत, बाक भरपूर, मागे एका ओळीत पांढरी-पिवळी व्हिक्टोरियन हॉटेलं. सासऱ्यांना सकाळी चालायची सवय आहे, ते एकटे पार टोकापर्यंत जाऊन परत आले, वाटेत दोन इंग्रज म्हाताऱ्यांशी क्रिकेटवर गप्पा मारून. एकट्याने जाऊन एकट्याने परत येता येणं ही त्या वयात केवढी मोठी गोष्ट असते ते घरात म्हातारं माणूस असेल त्यालाच कळेल.

आता पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला चालायचा लांब धक्का. १८७०च्या दशकातला आहे, जवळपास ७०० मीटर लांब, वेल्समधला सगळ्यात लांब. आत जायला पैसे नाहीत. लाकडी फळ्यांवरून चालत जायचं, फटींमधून खाली पाणी दिसतं, माझी धाकटी आधी घाबरली मग मुद्दाम फटींवरच उड्या मारत गेली. दोन्ही बाजूला दुकानं, कँडी फ्लॉस, डोनट, पाळणे, आणि ते दोन पेन्सच्या नाण्यांचे मशीन ज्यात नाणं टाकलं की पुढची नाणी ढकलली जातात आणि आत्ता पडतील मग पडतील असं वाटत राहतं. सावध राहा, हे पोरांसाठी आहे असं वाटतं पण त्याच्यासमोरून सासूबाईंना उठवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. थोडी नाणी हातात द्या, संपली की उठायचं असं आधीच ठरवून ठेवा. आणि सीगलपासून सांभाळून, हातातले चिप्स सरळ उचलून नेतात, लहान मुलांच्या हातातले तर हमखास.

पिअरला लागूनच प्रोमेनेडवर पंच अँड ज्युडीचा बाहुल्यांचा खेळ असतो. कॉडमन घराणं १८६०पासून तो करतंय, मूळच्या बाहुल्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडातून कोरलेल्या होत्या म्हणतात. खेळात तो पंच बायकोला, पोलिसाला, दिसेल त्याला काठीने बडवत सुटतो आणि समोरची पोरं आनंदाने किंचाळत असतात. सासूबाई म्हणाल्या, "हे काय दाखवतात ग पोरांना?" आणि शेवटपर्यंत बसून बघितलं. हवा खराब असेल तर खेळ होत नाही, तेव्हा ऊन पडलेलं दिसलं की लगेच जाऊन उभे राहा.

पण लँडुडनोला जायचं खरं कारण ट्राम. ग्रेट ऑर्म ट्रामवे, ३१ जुलै १९०२ ला सुरू झाली, आणि अजून त्याच काळातले डबे धावतात. इंजिन डब्यात नाहीच, रस्त्याखालून जाड तारेची केबल जाते आणि ती केबल डबा ओढते. दोन डबे एकाच केबलला, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, मधे एका ठिकाणी दोघं एकमेकांना ओलांडतात, तिथे दोन्ही डब्यांतली माणसं एकमेकांना हात करतात. सुरुवातीचा टप्पा चक्क गावातल्या रस्त्यावरून, घरांच्या दारांना घासत जातो, आणि चढ इतका उभा आहे की समोरच्या बाकावरचा माणूस आपल्या अंगावर येतो का काय असं वाटतं. अर्ध्यावर उतरून दुसऱ्या ट्राममधे बसायचं असतं. तिथे केबल ओढणारी मोठी चाकं फिरताना दिसतात. सासरे रिटायर्ड मेकॅनिकल, त्यामुळे आमची पुढची ट्राम तिथेच चुकली, काही तक्रार नाही, पोरांनापण आवडलं. ट्राम साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच चालते. हिवाळ्यात जाणार असाल तर हे सगळं वर्णन सोडून द्या. शाळेच्या सुट्टीत दुपारी रांग मोठी लागते, सकाळी पहिल्या-दुसऱ्या फेरीला गेलात तर निवांत.

वर जायला दुसरी सोय म्हणजे केबल कार, १९६९ची, छोटे उघडे पाळणे, साधारण मैलभराचा प्रवास. मस्त आहे पण वारा सुटला की बंद, आणि वारा तिथे कधी सुटलेला नसतो ते सांगा. केबल कारच्या भरवशावर दिवस आखू नका, चालू दिसली तर बोनस समजा. गाडीने जायचं असेल तर मरीन ड्राइव्ह आहे, डोंगराला वळसा घालून समुद्राच्या कडेने जाणारा टोलचा रस्ता, वन वे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली पाणी. ज्यांना अजिबातच चालवत नाही त्यांच्यासाठी तोच बेस्ट, मधे मधे गाडी थांबवायला जागा आहेत, आतून न उतरता समुद्र दिसतो.

वर माथ्यावर, २०७ मीटर उंची, कॅफे आहे, टॉयलेट आहे, मिनी गोल्फ वगैरे पोरांचं आहे. ही इमारत पूर्वी हॉटेल होती आणि १९५०च्या दशकात रँडॉल्फ टर्पिन नावाच्या बॉक्सरने घेतलेली, तोच ज्याने १९५१ मधे शुगर रे रॉबिन्सनला हरवलं होतं. कॅफेतलं खाणं ठीक, चहा गरम, बस. बाहेर मात्र नजारा असा की गप्प उभं राहावं, एका बाजूला एरीरीचे, म्हणजे स्नोडनच्या भागातले डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्रात ग्विंट ई मोरच्या पवनचक्क्या, तब्बल १६० आहेत, पोरांनी मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. जुलैमधे गेलो तरी विंडचीटर लागला. सासूबाईंना साडीवरून माझं जाड जॅकेट आणि कानटोपी, फोटो भन्नाट आलाय पण इथे टाकायची परवानगी नाही.

आणि शेळ्या! ऑर्मवर पांढऱ्या लांब केसांच्या, मोठ्या मागे वळलेल्या शिंगांच्या रानटी शेळ्या फिरतात, त्या आहेत काश्मिरी. म्हणजे खरंच मूळच्या काश्मिरी जातीच्या, विंडसरला राजघराण्याचा कळप होता त्यातून इकडे आल्या. वेल्सच्या पलटणीचा मानाचा बोकडसुद्धा या कळपातून निवडतात. २०२० च्या मार्चमधे लॉकडाउन लागल्यावर याच शेळ्या डोंगर उतरून गावात आल्या आणि लोकांच्या बागा, कुंपणं फस्त करत रिकाम्या रस्त्यांवरून फिरल्या, ते व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनी बघितलेत. माथ्यावर त्या दिसतीलच असं नाही, आम्हाला मरीन ड्राइव्हवरून उतारावर दिसल्या. पोरांना सांगून ठेवा, खायला द्यायचं नाही, हात लावायला जायचं नाही.

ट्रामच्या अर्ध्या वाटेवरून चालत जवळच तांब्याची खाण आहे. हे एक असं ठिकाण आहे जे नावावरून कंटाळवाणं वाटतं आणि निघतं जबरदस्त. १९८७ मधे तिथे कार पार्कसाठी जागा बघत होते, खणलं तर खाली बोगद्यांचं जाळं सापडलं, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचं, ब्राँझ युगातलं. लोखंड माहीतच नव्हतं तेव्हा, तर दगडी हातोडे आणि जनावरांच्या हाडांची हत्यारं वापरून माणसांनी डोंगर पोखरलाय. काही बोगदे इतके अरुंद आहेत की तिथे लहान मुलांनीच काम केलं असणार असं म्हणतात. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला हे सांगितल्यावर तो जरा वेळ एकदम शांत झाला, नंतर मात्र होमवर्क करायला नको म्हणताना हाच मुद्दा त्याच्यावर उलटा वापरता येतो. डोक्यावर हेल्मेट घालून आपलं आपण फिरायचं असतं. पण पायऱ्या आहेत, छत ठेंगणं आहे, वाकावं लागतं, ओल असते. गुडघे, कंबर, बंद जागेची भीती यातलं काही असेल तर वर बाहेरच बसा, वरूनही खोदलेला मोठा खड्डा छान दिसतो. सासूबाई वर बसल्या, सासरे सगळं बघून आले आणि दोन दिवस पाय चोळत होते.

किनाऱ्याबद्दल खरं ते सांगते. मुख्य नॉर्थ शोअरवर गोटे आहेत. अनवाणी चालवत नाही, किल्ला-बिल्ला बनत नाही, भरती असेल तर वाळू दिसतच नाही. पोरांनी बादली-फावडं आणलं असेल तर गावाच्या दुसऱ्या बाजूला वेस्ट शोअरला न्या, तिथे ओहोटीला वाळूच वाळू, गर्दी कमी, समोर डोंगर, संध्याकाळी सूर्यही तिकडेच बुडतो. फक्त भरतीची वेळ बघून जा, पाणी खूप आत जातं आणि परत येताना वाटतं त्यापेक्षा लवकर येतं, लांब वाळूवर चालत जायचं नाही. पाणी बर्फासारखं गार, आपल्या गणपतीपुळ्याच्या सवयीने कोणी उतरायला जाऊ नये.

खायचं काय हा प्रश्न शाकाहारी लोकांना जास्त. फिश अँड चिप्सची दुकानं पुष्कळ, मासे खाणाऱ्यांची चैन. नुसते चिप्स घेणाऱ्यांनी तळण कशात आहे ते विचारून घ्या, काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात आणि बोर्डावर लिहिलेलं असतंच असं नाही, विचारलं की नीट सांगतात, त्यात लाजायचं काही नाही. वेल्श केक जरूर खा, तव्यावर भाजलेली मनुका घातलेली छोटी जाड बिस्किटासारखी चकती, गरम मिळाली तर चहाबरोबर काय लागते. बारा ब्रिथ म्हणजे चहात भिजवलेला सुकामेवा घातलेला ब्रेड, तो मला ठीकठाक वाटला, सासऱ्यांना बेफाट आवडला. मात्र एक लक्षात ठेवा, कॅफे पाचला खुर्च्या उलट्या करायला लागतात. आपल्याकडे पाचला चहाची वेळ सुरू होते, तिकडे संपते. रात्री नऊला जेवायची सवय असेल तर घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थर्मास असं घेऊन जा, आम्ही नेलं होतं आणि प्रोमेनेडच्या बाकावर बसून खाल्लं, आजूबाजूच्यांनी वासाने वळून बघितलं, बघू देत.

हॉटेलबद्दल सावध करते. समोरून राजवाडा दिसणारी ही जुनी इमारत असते, आत जिने अरुंद आणि लिफ्टचा भरवसा नाही. आम्ही राहिलो तिथे, नाव घेत नाही, वेबसाइटवर लिफ्ट आहे लिहिलं होतं, ती होती पण तिच्यापर्यंत पोचायला सात-आठ पायऱ्या आणि वर गेल्यावर परत अर्धा जिना. रिसेप्शनवरची मुलगी गोड होती, तिने तळमजल्यावरची खोली शोधून दिली, पण समुद्राऐवजी कचऱ्याच्या पेट्या दिसायच्या. तेव्हा बुकिंगच्या आधी फोन करून विचारा, दारापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती, असा थेट प्रश्न. लिफ्ट आहे का एवढं विचारून भागत नाही.

कॉन्वी तिथून अगदी जवळ, बस आहे, तो अर्धा दिवस सोडू नका. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२८३ ते १२८७ मधे बांधलेला किल्ला, आठ प्रचंड बुरूज, आणि गावाभोवतीचा तट जवळपास अख्खा शाबूत, सव्वा किलोमीटरच्या वर. तटावरून चालायला पैसे नाहीत. किल्ल्यातले जिने मात्र गोल गोल वळणारे आणि पायऱ्या झिजलेल्या, ज्येष्ठांनी आतल्या अंगणातच फिरावं. सासऱ्यांचं सगळं आयुष्य कोकणात गेलेलं, ते त्या उंच सडपातळ बुरुजांकडे बघून म्हणाले, तोफेपुढे टिकला नसता. बरोबरच होतं त्यांचं, तेव्हा इथे तोफा आलेल्याच नव्हत्या, सिंधुदुर्गाचा बुटका रुंद तट चारशे वर्षांनंतरचा, त्याला तोफेचा मारा झेलायचा होता.

खाली धक्क्यावर ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं घर आहे, लालभडक, १.८ मीटर रुंद. शेवटी १९००पर्यंत त्यात सहा फूट तीन इंचाचा कोळी राहायचा. आत बघायला दोन मिनिटं पुरतात, थोडे पैसे घेतात, पोरांसाठी वसूल.

पण कॉन्वीचा खरा हिट म्हणजे खेकडे पकडणं. धक्क्यावर बादली, दोरी, जाळीची पिशवी मिळते, पिशवीत बेकनचा तुकडा ठेवायचा, दोरी पाण्यात सोडायची, थोड्या वेळाने खेकडे लटकून वर येतात, बादलीत मोजायचे आणि परत पाण्यात सोडायचे. तासन्‌तास पोरं हलत नाहीत. सासूबाईंना आधी वाटलं रात्रीच्या जेवणाची सोय चाललीये, सोडून देताना बघून त्यांचा चेहरा पडला. "एवढ्या कुर्ल्या आणि परत टाकल्या?" मग स्वतःच दोरी हातात घेतली आणि नातवंडांना दाखवलं की झटका न देता सावकाश कशी ओढायची, नाहीतर पाण्याबाहेर येताना सुटतात. त्यानंतर शेजारच्या दोन वेल्श पोरांनीपण त्यांच्याकडे दोरी दिली, भाषा कोणाला कोणाची कळत नव्हती. बादलीत पाणी समुद्राचंच घ्या, एका बादलीत फार खेकडे कोंबू नका, आणि बादली उन्हात ठेवू नका.

वेळ असेल तर रोस-ऑन-सीला सेंट ट्रिलोचं चॅपल बघा, आत फक्त सहा खुर्च्या, समुद्राच्या अगदी कडेला. कोल्विन बेचं वेल्श माउंटन झू पोरांना आवडेल पण नावातच माउंटन आहे, चढउतार भरपूर, बाबागाडी ढकलून दंड भरून येतात.

आता टेन्बीवाले भांडायला येतील म्हणून. टेन्बी दिसायला लँडुडनोपेक्षा कितीतरी सुंदर आहे, मान्य. रंगीत घरं, तेराव्या शतकातली तटबंदी, बंदर, आणि वाळू तर अशी की लँडुडनोने लाजावं. कॅल्डी बेटावर बोटीने जाता येतं, तिथे सिस्टर्शियन साधू राहतात आणि चॉकलेट, अत्तर बनवून विकतात, रविवारी बोटी नसतात हे लक्षात ठेवा. जवळच फॉली फार्म आहे, प्राणी, पेंग्विन, जिराफ, आणि जुन्या पद्धतीची जत्रा छपराखाली, म्हणजे पाऊस आला तरी दिवस फुकट नाही, लहान मुलांसाठी अख्ख्या वेल्समधलं माझ्या मते नंबर एक. पण टेन्बी उंचावर आहे आणि किनारे खाली, उतरायला पायऱ्या नाहीतर उतार, आणि उतरलेलं माणूस चढायला लागतंच. उन्हाळ्यात गावाच्या आत दिवसा गाड्यांना बंदी, पार्किंग लांब. मँचेस्टर-लीड्सकडून गाडी चालवत जायचं म्हणजे दिवस गेला. पोरं लहान आणि फक्त आई-बाप असतील तर डोळे झाकून टेन्बी, आजी-आजोबा असतील तर नाही. जुन्या पोस्टमधे टेन्बीजवळचं ओकवूड थीम पार्क सुचवलेलं दिसेल, ते २०२५ मधे कायमचं बंद झालंय, पोरांना कबूल करून बसू नका.

अ‍ॅबरिस्टविथला १८९६ची क्लिफ रेल्वे आहे, मजा येते, पण तिथेही गोटे आणि पोचायला वळणावळणाचे रस्ते, गाडी लागणारी पोरं असतील तर उलटीच्या पिशव्या ठेवा. कार्डिफवाल्यांना बॅरी आयलंड ट्रेनने जवळ आहे, वाळू चांगली, राइड्स आहेत, एका दिवसापुरतं झकास, मुक्काम करावा असं काही नाही.

लँडुडनोला गाडीने जाणार असाल तर तिकडे जाणाऱ्या ए५५ हायवेवर शनिवारी सकाळी अडकाल, शुक्रवारी संध्याकाळीही तेच, रविवारी उशिरा निघा नाहीतर मधल्या वारी जा. ट्रेन मँचेस्टरहून थेट आहे, नाहीतर लँडुडनो जंक्शनला बदलायची, आणि जंक्शन म्हणजे लँडुडनो नाही, तिथे सामान घेऊन स्टेशनबाहेर पडू नका, अजून एक छोटी गाडी पकडायची असते. स्टेशनपासून प्रोमेनेड सपाट रस्त्याने चालत थोड्याच वेळात येतं, चाकांची बॅग असेल तर टॅक्सी लागत नाही. डब्यात चढल्यावर समुद्राच्या बाजूची खिडकी पकडा, जाताना उजव्या हाताची.